नीट देणाऱ्या राखीव प्रवर्गातल्या आणि अल्पसंख्याक मुलांनी मदत कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधावी

जूनमध्ये नीटचा निकाल लागला की तालुक्याच्या सेतू केंद्राबाहेर दरवर्षी तीच गर्दी दिसते. मार्क चांगले आहेत, पण नॉन-क्रिमीलेअर (घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र) मार्चमध्येच संपलंय. जात प्रमाणपत्र आहे, वैधता (ती जात पडताळल्याचं प्रमाणपत्र) नाही. मुलगी ओबीसी आहे, पण नीटच्या अर्जात सायबर कॅफेवाल्यानं ‘जनरल’ भरून ठेवलंय.

मदत बरीच आहे. फक्त ती पाच-सहा वेगवेगळ्या कचेऱ्यांत विखुरलेली आहे आणि एका कचेरीतला माणूस दुसऱ्या कचेरीतल्या योजनेबद्दल सहसा सांगत नाही. शिवाय प्रत्येक दारात एखादा कागद मागतात आणि तो हाती पडायला कधी कधी महिने लागतात. म्हणून शोधाची सुरुवात पैशापासून करू नका. कागदापासून करा, आणि तीही अकरावीत.

पुढचा क्रम महाराष्ट्रातून एमबीबीएस किंवा बीडीएसला प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलांसाठी आहे. तारखा आणि काही अटी दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या त्या वर्षीची सीईटी सेलची (राज्यातले प्रवेश चालवणाऱ्या कचेरीची) माहिती पुस्तिका शेजारी ठेवूनच हा लेख वापरा.

## टप्पा १: आपण कोणत्या यादीत आहोत ते आधी ठरवा

बहुतेक चुकांचं मूळ इथे आहे. मुलाला वाटतं आपली जात एक, म्हणजे प्रवर्गही एकच. प्रत्यक्षात राज्याची यादी वेगळी आणि केंद्राची वेगळी. देशभरातल्या सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात आणि तिथे केंद्राची यादी चालते: अनुसूचित जाती १५, अनुसूचित जमाती ७.५, ओबीसी २७, ईडब्ल्यूएस (खुल्या प्रवर्गातले आर्थिक दुर्बल) १० टक्के. उरलेल्या ८५ टक्के राज्य कोट्यात महाराष्ट्राची यादी चालते: अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती ३, भटक्या जमाती ब २.५, क ३.५, ड २, ओबीसी १९, शिवाय एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास, म्हणजे मराठा समाज) १० आणि ईडब्ल्यूएस १०.

याचा अर्थ प्रत्यक्षात असा:

- बंजारा मुलगा राज्यात विमुक्त जाती, धनगर मुलगी भटक्या जमाती क, वंजारी मुलगा भटक्या जमाती ड. केंद्राच्या अर्जात मात्र हे रकाने नसतात. तिथे हे तिघेही ओबीसी.
- एसईबीसी हा फक्त राज्याचा प्रवर्ग आहे. केंद्राच्या ओबीसी यादीत मराठा समाज नाही, म्हणून अखिल भारतीय कोट्यासाठी एसईबीसीचा दाखला चालत नाही. उत्पन्न बसत असेल तर तिथे केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र काढावं लागतं. कुणबी नोंद असलेल्यांचा प्रवर्ग ओबीसी.
- नवबौद्ध विद्यार्थी अनुसूचित जातीत येतात आणि बौद्ध म्हणून अल्पसंख्याकही असतात. केंद्राच्या यादीत मूळ जातीची नावं आहेत, त्यामुळे केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढून ठेवा.
- मुस्लिम विद्यार्थ्यांमध्ये सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. धार्मिक अल्पसंख्याक म्हणून सरकारी मेडिकल कॉलेजात आरक्षण नाही. पण तांबोळी, बागवान, अत्तार, मोमीन, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या ओबीसीत आहेत, छप्परबंद विमुक्त जातीत आहेत आणि जळगावकडचे तडवी अनुसूचित जमातीत. शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुस्लिम’ लिहिलेलं असतं, मग घरात कुणी पुढे पाहतच नाही. आजोबांच्या दाखल्यावर काय लिहिलंय ते एकदा काढून बघा.

अल्पसंख्याक दर्जाचा उपयोग दोन ठिकाणी होतो: अल्पसंख्याक संस्थांच्या खासगी कॉलेजांतला राखीव कोटा, आणि काही शिष्यवृत्त्या व कर्ज. राज्यात मुस्लिम, बौद्ध, ख्रिश्चन, शीख, पारशी, जैन आणि ज्यू धर्मीयांना हा दर्जा आहे. मातृभाषा मराठी नसलेले विद्यार्थी भाषिक अल्पसंख्याक ठरतात. कोणत्या कॉलेजात कोणत्या समाजासाठी किती जागा, हे सीईटी सेलच्या त्या वर्षीच्या जागांच्या तक्त्यात दिलेलं असतं. बेळगाव-निपाणीकडच्या वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मुलांसाठीही महाराष्ट्राच्या प्रवेशात वेगळी तरतूद आहे. तिचे निकष पुस्तिकेत ‘एमकेबी’ (महाराष्ट्र-कर्नाटक सीमा) या नावाखाली शोधा.

तपासा: एका कागदावर तीन ओळी लिहा. राज्यात माझा प्रवर्ग, केंद्रात माझा प्रवर्ग, अल्पसंख्याक आहे की नाही. या तीन ओळी ठामपणे लिहिता येईपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा २: जात प्रमाणपत्र आणि वैधता

जात प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत देतात. वैधता प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. हे दोन वेगळे कागद आहेत आणि मेडिकलच्या राज्य कोट्यात राखीव जागेवर प्रवेश घेताना दोन्ही लागतात. ‘प्रमाणपत्र आहे ना, मग झालं’ असं म्हणणारे पालक दरवर्षी भेटतात.

प्रमाणपत्रासाठी लागणारा मुख्य पुरावा म्हणजे ठरावीक तारखेपूर्वीची वडिलांकडच्या रक्तनात्यातली जातीची नोंद. या मानीव तारखा पाठ करा, कारण तुमचा सगळा शोध त्यांच्या मागे जाऊन थांबणार आहे:

- अनुसूचित जाती: १० ऑगस्ट १९५०
- अनुसूचित जमाती: ६ सप्टेंबर १९५०
- विमुक्त जाती, भटक्या जमाती: २१ नोव्हेंबर १९६१
- इतर मागासवर्ग, विशेष मागासवर्ग: १३ ऑक्टोबर १९६७

त्या तारखेला तुमचं घराणं जिथे राहत होतं, तिथल्या प्रांताकडे अर्ज करायचा. तुम्ही आज पुण्यात राहत असाल आणि आजोबा १९६७ साली बीड जिल्ह्यात असतील तर अर्ज बीड जिल्ह्यात. घराणं त्या तारखेनंतर कर्नाटक किंवा तेलंगणातून आलं असेल, तर महाराष्ट्राच्या सवलती मिळत नाहीत. हे आधी कळलेलं बरं.

### पुरावे कुठे शोधायचे

पहिलं ठिकाण जिल्हा परिषदेची जुनी शाळा. आजोबा, चुलत आजोबा, आत्याआजी यांपैकी कुणीही एक वर्ष का होईना शाळेत गेलं असेल, तर प्रवेश-निर्गम नोंदवहीत त्यांची ओळ असते. त्या पानाचा साक्षांकित उतारा मागा. नुसता शाळा सोडल्याचा दाखला नवीन छापून दिला जातो आणि समिती मूळ नोंदवहीचा उतारा मागतेच.

कुणीच शाळेत गेलं नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ पाहा. याला लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी जातीसह असतात. जुने फेरफार आणि खरेदीखतंही तपासा. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात जुनी पानं मोडी लिपीत निघतात, मराठवाड्यात निजामकाळातली उर्दूत. दोन्हींचं लिप्यंतर जाणकाराकडून करून, त्याच्या सहीशिक्क्यानिशी जोडावं लागतं. मोडी वाचणारे लोक थोडे आहेत आणि मे-जूनमध्ये त्यांच्याकडे रांग असते.

सगळ्यात जवळचा रस्ता घरातच असतो. वडील, सख्खे काका, चुलतभाऊ किंवा आत्या यांपैकी कुणाला वैधता मिळालेली असेल, तर त्या प्रमाणपत्राची प्रत आणि त्यांचं नातं दाखवणारी वंशावळ जोडली की काम बरंच हलकं होतं. आईकडच्या नातेवाइकांची कागदपत्रं सहसा चालत नाहीत. लग्न झालेल्या मुलीचीही जात वडिलांकडूनच पाहतात.

### अर्जाचा क्रम

१. कॉलेजातून नमुना १५ अ वर प्राचार्यांची सही-शिक्का घ्या. विज्ञान शाखेत शिकत असल्याचा हा पुरावा.

२. समितीच्या संकेतस्थळावर विद्यार्थ्यांसाठीचा नमुना १६ भरा. स्वतःचा मोबाईल क्रमांक द्या.

३. नमुना ३ चं वंशावळीचं आणि नमुना १७ चं शपथपत्र करा. वंशावळीत ज्यांची कागदं जोडली आहेत, त्या प्रत्येकाचं नाव असलंच पाहिजे.

४. कागद अपलोड करून छापील संच जिल्हा समितीकडे दाखल करा आणि पोच घ्या.

५. दर पंधरवड्याला अर्जाची स्थिती पाहा. त्रुटी निघाली असेल तर ती तिथेच दिसते. उत्तर न दिल्यानं महिनोन्महिने पडून राहिलेले अर्ज कितीतरी असतात.

अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांची समिती वेगळी असते. ती आदिवासी विकास विभागाची, आणि जिल्ह्याजिल्ह्याला नसते. तिथे दक्षता पथक गावात येऊन चौकशी करण्याची शक्यता जास्त, वेळही जास्त. अशा मुलांनी अकरावीच्या पहिल्या सत्रातच अर्ज टाकावा.

सावधान: आडनावाचं वेगळं स्पेलिंग, ‘बापू’ आणि ‘बापूराव’, दाखल्यावर जातीऐवजी धंद्याचं नाव, या तीन गोष्टींवर अर्ज सर्वाधिक अडकतात. एकच व्यक्ती असल्याचं शपथपत्र सुरुवातीलाच जोडा. दाखल्यावर खाडाखोड करून नाव ‘नीट’ करून घेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. समिती मूळ नोंदवही मागवते आणि खोट्या कागदावर मिळवलेला प्रवेश डॉक्टर झाल्यावरसुद्धा रद्द होऊ शकतो.

सावधान: बारावीनंतर एक वर्ष घरी राहून पुन्हा नीट देणाऱ्यांना प्राचार्यांच्या सहीसाठी धावपळ करावी लागते. म्हणून हा अर्ज बारावीचे वर्ग चालू असतानाच गेला पाहिजे. वैधतेसाठी सरकार कधीतरी मुदत वाढवून देतं, पण त्या आशेवर वर्ष टांगू नये.

## टप्पा ३: दरवर्षी शिळे होणारे कागद

जात प्रमाणपत्र आणि वैधता एकदाच काढायची. पुढचे कागद मात्र तारखेचे आहेत.

नॉन-क्रिमीलेअर विमुक्त, भटक्या, ओबीसी आणि एसईबीसी मुलांना लागतं. अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. राज्याच्या प्रमाणपत्रावर ‘३१ मार्चपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं आणि ते ३१ मार्च प्रवेशाच्या नंतरचं हवं. उदाहरणार्थ, २०२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२७ पर्यंत चालणारं. तीन वर्षांच्या उत्पन्नाचे दाखले जोडले तर ते जास्त मुदतीचं मिळू शकतं, म्हणजे पुढच्या चकरा वाचतात. अखिल भारतीय कोट्यासाठीचं ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात आणि त्या आर्थिक वर्षात, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेलं लागतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाका. त्या वेळी सेतूवर गर्दी नसते.

तहसीलदारांकडचा वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला एकदाच काढायचा. राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावीही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. राजस्थानातल्या कोटा शहरात किंवा कर्नाटकातल्या बीदरला अकरावी-बारावी करायला निघालेल्या मुलांच्या पालकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. शिकवणी बाहेर घेतली तरी बारावीचा प्रवेश आणि परीक्षा कुठल्या राज्यातली, यावर राज्य कोटा ठरतो.

उत्पन्नाचा दाखला दरवर्षी. दिव्यांगत्व असेल तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांग ओळखपत्र) आणि प्रवेश प्रक्रियेनं नेमून दिलेल्या केंद्राचंच वैद्यकीय प्रमाणपत्र. डोंगरी भागात शाळा झाली असेल किंवा मूल अनाथ असेल, तर त्यासाठीच्या तरतुदी पुस्तिकेत पाहा. या जागांवर दावा करायचं अनेकांच्या लक्षातच येत नाही.

बँक खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर, आधारशी जोडलेलं आणि थेट लाभासाठी (सरकारी रक्कम थेट जमा होण्यासाठी) मॅप केलेलं हवं. पासबुकावर आधार क्रमांक छापला म्हणजे मॅपिंग झालं असं नसतं. बँकेत जाऊन विचारा.

## टप्पा ४: शिकवणी आणि राहण्याची सोय

दहावीचा निकाल लागल्यावर लातूर-नांदेडच्या फीचे आकडे ऐकून घर हादरतं. त्याआधी आपल्या प्रवर्गाची संस्था पाहायची:

- अनुसूचित जाती: पुण्याची बार्टी
- ओबीसी, विमुक्त, भटके, विशेष मागासवर्ग: नागपूरची महाज्योती
- मराठा, कुणबी: पुण्याची सारथी
- अनुसूचित जमाती: पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, आणि जवळचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय
- खुल्या प्रवर्गातले आर्थिक दुर्बल: अमृत
- अल्पसंख्याक: २०२४ मध्ये मंजूर झालेली छत्रपती संभाजीनगरची मार्टी

महाज्योतीची नीटची ऑनलाइन शिकवणी सर्वांत जास्त मुलांपर्यंत पोचलेली आहे. तिच्यासोबत टॅब आणि दररोज ६ जीबी डेटाही देण्यात आला आहे. पण तिची जाहिरात दहावीच्या निकालाच्या आसपास येते आणि अर्जाची खिडकी थोडेच दिवस उघडी असते. बाकीच्या संस्थांच्या योजना दरवर्षी चालू असतीलच असं नाही. एप्रिल ते जुलै या काळात दर आठवड्याला संकेतस्थळ पाहणं हाच उपाय.

पुण्यात मेडिकलच्या विद्यार्थ्यांनीच उभी केलेली लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट ही संस्था मेळघाट, गडचिरोलीसारख्या भागांतल्या मुलांना मोफत तयारी करून घेते. जागा थोड्या असतात, निवड होते. पण प्रयत्न करण्यासारखं हे ठिकाण आहे, कारण शिकवणारे नुकतेच या परीक्षेतून गेलेले असतात.

केंद्र सरकारचं, आयआयटी कानपूरनं तयार केलेलं ‘साथी’ हे मोफत संकेतस्थळ आणि एनसीईआरटीच्या पुस्तकांच्या मोफत प्रती तर सगळ्यांनाच खुल्या आहेत. जीवशास्त्राचे ९० प्रश्न असतात, एकूण १८० पैकी निम्मे, आणि ते जवळजवळ पूर्णपणे एनसीईआरटीच्या ओळींवर बेतलेले असतात. वीस हजारांच्या साहित्याच्या पेटीपेक्षा अकरावी-बारावीची ही दोन पुस्तकं पाच वेळा वाचणं मी कधीही वरचढ मानीन.

राहण्यासाठी पहिला अर्ज सरकारी वसतिगृहाला करा. तिथे नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आणि ती अकरावीपासून मिळते. हे बहुतेकांना माहीतच नसतं. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि विद्यार्थी त्या शहरातला रहिवासी नसावा. आदिवासी विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् आणि ओबीसी-भटक्यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. या दोन्ही मुख्यतः बारावीनंतरच्या शिक्षणासाठी, म्हणून त्यांची आठवण प्रवेश झाल्यावर ठेवा.

सावधान: वसतिगृहाला अर्जच केला नाही तर स्वाधारला अडचण येते. आधी वसतिगृह, मग स्वाधार.

सावधान: अल्पसंख्याक मुलांसाठीची केंद्राची ‘नया सवेरा’ मोफत शिकवणी योजना बंद झाली आहे. तिचे जुने अर्ज अजूनही व्हॉट्सॲपवर फिरतात आणि काही जण ते भरून द्यायचे पैसे घेतात.

### एक माणूस शोधा

संस्था शोधता शोधता एक माणूसही शोधा. तुमच्या तालुक्यातली, शक्य तर तुमच्याच प्रवर्गातली, सध्या एमबीबीएसच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी किंवा मुलगा. शाळेचे सर, समाजाचं वसतिगृह, गावातला डॉक्टर यांच्याकडून असा क्रमांक मिळतो. त्यांना ‘मार्गदर्शन करा’ असं मोघम म्हणू नका, ते काय बोलणार? नेमकं विचारा: कोणत्या कागदावर अडलात, पसंतीक्रम कसा लावला, शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता कोणत्या महिन्यात आला, तोपर्यंत मेसचे पैसे कुठून भरले. या चार प्रश्नांची उत्तरं कुठल्याही समुपदेशकाच्या पाच हजारांच्या ‘पॅकेज’मध्ये नसतात.

## टप्पा ५: नीटचा अर्ज

हा अर्ज एनटीए (केंद्राची राष्ट्रीय चाचणी संस्था) घेते. २०२५ च्या परीक्षेला शुल्क खुल्या प्रवर्गाला १७००, ओबीसी व ईडब्ल्यूएसला १६०० आणि अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग व तृतीयपंथीयांना १००० रुपये होतं. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण लागतं.

१. आधारवरचं नाव आणि जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळवून घ्या. आधार दुरुस्त करायचं ते डिसेंबरपूर्वी.

२. ईमेल स्वतःचा, मोबाईल घरातला. कॅफेवाल्याचा क्रमांक टाकला तर ओटीपी, प्रवेशपत्र आणि पुढचं सगळं त्याच्या हातात जातं.

३. प्रवर्गाच्या रकान्यात टप्पा १ मधला केंद्राचा प्रवर्ग भरा. राज्याचा नाही.

४. माध्यम विचारपूर्वक निवडा. मराठीत पेपर देता येतो, प्रश्नपुस्तिकेत मराठीसोबत इंग्रजीही असतं, पण भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम धरतात. सराव ज्या भाषेत केला तीच भाषा घ्या.

५. पुष्टिपत्र छापून घ्या, पासवर्ड वहीत लिहा.

तपासा: दुरुस्तीची खिडकी काही दिवसांसाठी उघडते. त्या दिवशी फक्त प्रवर्ग, नाव आणि जन्मतारीख पुन्हा वाचा. अखिल भारतीय कोट्यात हाच प्रवर्ग धरला जातो.

## टप्पा ६: निकालानंतर दोन वेगळी दारं

पात्रता खुल्या प्रवर्गाला ५० पर्सेंटाइल (म्हणजे निम्म्या परीक्षार्थींच्या पुढे असणं), अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींना ४०. बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्यांना ५० टक्के, राखीवांना ४० टक्के. पात्र ठरलं म्हणजे प्रवेश मिळाला असं मात्र नाही.

नीटचा अर्ज केला म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, हा समज अजूनही आहे. प्रवेशासाठी दोनदा नोंदणी करायची. अखिल भारतीय कोटा आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठांसाठी एमसीसीकडे (केंद्राची वैद्यकीय प्रवेश समिती), राज्य कोट्यासाठी महाराष्ट्राच्या सीईटी सेलकडे. सीईटी सेलच्या अर्जात प्रवर्ग नव्यानं भरायचा असतो, आता राज्याचा. अल्पसंख्याक कोटा, डोंगरी भाग, दिव्यांग, माजी सैनिक अशा चौकटीही तिथेच. खूण करायची राहिली तर कागद जवळ असूनही दावा जातो.

पसंतीक्रम लावताना तीन गोष्टी. मार्कांच्या अंदाजानं वरची कॉलेजं गाळू नका. इच्छेच्या क्रमानं भरा, प्रणाली वरून खाली पाहत येते. दुसरं, राखीव प्रवर्गातल्या मुलाला गुणवत्तेवर खुली जागा मिळू शकते, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. तिसरं, मिळालेली जागा ठेवून पुढच्या फेरीत जायचं, की नाकारायचं, की बाहेर पडायचं, याचे नियम फेरीगणिक बदलतात आणि उशिराच्या फेरीत जागा सोडल्याचे परिणाम कडक असतात. तेवढं प्रकरण पुस्तिकेत दोनदा वाचा.

सावधान: अभिमत विद्यापीठांत राज्याचं सामाजिक आरक्षण नसतं आणि तिथली फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवत नाही. ‘शिष्यवृत्ती होईल’ असं प्रवेश कक्षातल्या माणसानं तोंडी सांगितलं तर ते लेखी मागा. लेखी मिळालं नाही, तर होणार नाही असंच धरा.

सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केल्यावर एक वर्षाची सामाजिक दायित्व सेवा आहे, टाळली तर १० लाखांचा दंड. घरी हे आधीच सांगून ठेवा.

## टप्पा ७: फी

प्रवेश निश्चित झाल्यावर त्याच आठवड्यात महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज. तिथे मुख्य योजना अशा:

अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्याच्या वर असेल तर फ्रीशिप (फी माफी). ओबीसी, विमुक्त-भटके, एसईबीसी, ईडब्ल्यूएस यांना शुल्क सवलत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा, संस्था कोट्यातून नाही. अल्पसंख्याकांसाठी राज्याची व्यावसायिक शिक्षणाची शिष्यवृत्ती याच संकेतस्थळावर आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ ३ टक्के व्याजानं शैक्षणिक कर्ज देतं, त्याचा अर्ज मात्र जिल्हा कार्यालयात.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात कॉलेजची फीही असते. घरात अडचण असतेच, पैसे खर्च होतात आणि मग कॉलेज परीक्षेचा अर्ज अडवतं. रक्कम आली की आधी कॉलेजचा हिशेब विचारा.

कॉलेजनं प्रवेशावेळीच पूर्ण फी मागितली तर भांडत बसू नका. शिष्यवृत्तीस पात्र असल्याचा अर्ज लेखी द्या, त्याची पोच घ्या आणि प्रत संबंधित कार्यालयात द्या: अनुसूचित जातीसाठी समाजकल्याणचे सहायक आयुक्त, जमातीसाठी प्रकल्प अधिकारी, ओबीसी-भटक्यांसाठी इतर मागास बहुजन कल्याणचे सहायक संचालक.

तपासा: अर्ज ‘परत पाठवला’ असा शेरा आला का, हे महिन्यातून दोनदा पाहा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण आपोआप होत नाही.

## टप्पा ८: कॉलेजात पाऊल ठेवल्यावर

पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्राच्या इंग्रजीनं मराठी माध्यमातली मुलं दबून जातात. दोन-तीन महिन्यांत हात बसतो. तोवर सीनियरकडून जुन्या वह्या घ्या आणि वर्गात शंका विचारायचं टाळू नका. रँक किंवा जात विचारून टोमणे मारणं रॅगिंगमध्ये मोडतं. तारीख, वेळ, साक्षीदार लिहून ठेवा. राष्ट्रीय रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, कॉलेजची रॅगिंगविरोधी समिती, आणि मन फारच खचत असेल तर टेलिमानसचा १४४१६, जिथे मराठीतही बोलता येतं.

## नंबर लागला नाही तर

पुन्हा वर्ष घालवायचं ठरवण्याआधी बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएसच्या फेऱ्या पूर्ण होऊ द्या. त्याच नीटच्या मार्कांवर त्यांचे प्रवेश होतात आणि नोंदणी राहून गेली तर ती वाटही बंद होते. दुसरा प्रयत्न करायचाच असेल तर वैधता प्रमाणपत्र, अधिवास आणि जात प्रमाणपत्र एका फाइलला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्न आणि केंद्राचं ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस दुसऱ्या फाइलला लावा. पहिल्या फाइलला हात लावायची गरज नाही. दुसरीतले सगळे कागद एप्रिलमध्ये नवे काढायचे.